फुटलेला कुंभ

कुंभकोणमच्या आदिकुंभेश्वराच्या पिंडीवर थेट पाणी घालत नाहीत, कारण पिंड वाळूची आहे असं मानतात. प्रलय आला तेव्हा ब्रह्मदेवानं सृष्टीची बीजं आणि अमृत एका घड्यात भरून ठेवलं. घडा पुरावर तरंगत तरंगत दक्षिणेला आला, इथे टेकला, आणि किराताच्या वेषातल्या शंकरानं बाण मारून तो फोडला. अमृत वाळूत सांडलं. त्या भिजल्या वाळूत घड्याची खापरं कालवून शंकरानं पिंड घडवली, असं स्थळपुराण सांगतं. गावाचं जुनं तमिळ नाव कुडमूक्कु. कुडम म्हणजे घडा. दर बारा वर्षांनी ज्या महामहम तळ्यात लाखो माणसं बुडी मारतात, ते तळंही त्याच सांडलेल्या अमृताचं.

ही कथा पहिल्यांदा ऐकली तेव्हा मला एक बाळबोध शंका आली होती. अमृत जर इथेच सांडलं, तर निदान या गावात तरी कुणी म्हातारं व्हायला नको होतं. देवळाच्या दारात जाईचे गजरे गुंफणाऱ्या आजीबाईंच्या बोटांकडे पाहिलं आणि ती शंका जागीच मिटली. पण तिच्या पोटात दुसरी शंका होती, ती मिटेना. एका इवल्याशा पेशीपासून डोळे, काळीज, मेंदू असं सगळं शरीर उभं करण्याची करामत ज्या जिवाला साधते, त्याला ते तयार शरीर नुसतं राखणं का जमू नये? घर बांधणं अवघड, डागडुजी त्या मानानं सोपी. इथे सगळा व्यवहार उलटा दिसतो. जॉर्ज विल्यम्स या अमेरिकन जीवशास्त्रज्ञांनी १९५७ साली हाच पेच मांडला होता, आणि त्याचं उत्तर शोधण्यात तोवर पाऊणशे वर्षं गेली होती.

ते उत्तर फ्रायबर्ग, लंडन, शिकागो अशा गावांत घडलं. तरी त्याचा एक धागा कावेरीकाठच्या या गावातून जातो, पुढे कोलकात्याला जातो आणि एका टोकाला पुण्यापर्यंत येतो. धागा बराच वळसे घेतो. मला तो वळशांसकटच आवडतो.

मराठी माणसाला कुंभकोणम परकं वाटायचं कारण नाही. व्यंकोजीराजांपासून १७९९पर्यंत हा मुलूख तंजावरच्या भोसल्यांचा होता. इथल्या देशस्थ घराण्यांना तमिळ लोक ‘रायर’ म्हणतात. त्रावणकोर, इंदूर आणि सयाजीरावांच्या लहानपणी बडोदा अशा तीन संस्थानांची दिवाणगिरी केलेले सर टी. माधवराव १८२८ साली कुंभकोणमलाच जन्मले. पण ही गोष्ट सुरू होते ती एका अय्यंगार घरात, सारंगपाणी देवळाच्या गोपुरासमोरच्या रस्त्यावर.

घर अजून आहे. पुढे ओटा, आत एक छोटी खोली, खोलीच्या खिडकीतून रस्ता दिसतो. कुप्पुस्वामी श्रीनिवास अय्यंगार साड्यांच्या दुकानात हिशेब लिहीत. त्यांच्या पत्नी कोमलताम्मल देवळात भजनं म्हणत. थोरला मुलगा रामानुजन १८८७च्या डिसेंबरात आजोळी, इरोडला जन्मला. तो दीड वर्षाचा असताना दुसरा मुलगा झाला, सदगोपन. तो तीन महिनेसुद्धा जगला नाही. १८९१ साली आणखी एक मूल, १८९४ साली आणखी एक. दोन्ही वर्षाच्या आत गेली. खुद्द रामानुजनला दोन वर्षांचा असताना देवी आल्या. तंजावर जिल्ह्यात वाईट वर्षी देवीनं हजारो माणसं जात. तो वाचला, चेहऱ्यावर व्रण घेऊन.

एका घराचा हा हिशेब त्या काळात जगावेगळा नव्हता. पुढे १९११ ते १९२१ या दशकात, इन्फ्लुएन्झाची साथ धरून, हिंदुस्थानात जन्मणाऱ्या मुलाचं सरासरी आयुर्मान वीस वर्षांच्या आसपास उतरलं होतं. या आकड्याचा अर्थ लावताना पुष्कळदा घोटाळा होतो. विशीत लोक म्हातारे होत होते असं नाही. निम्मी मुलं लहानपणीच जात, म्हणून सरासरी खाली येई. जी टिकत त्यांतली काही सत्तरी-ऐंशीही पाहत, आणि त्यांची साठीशांत, सहस्रचंद्रदर्शन थाटात होई. म्हातारी माणसं होती. मोजकी होती. पुढच्या सगळ्या गोष्टीची किल्ली या ‘मोजकी’त आहे.

म्हातारपणाचा प्रश्न डार्विनच्या चौकटीत बसवून पाहणारं पहिलं मोठं नाव ऑगस्ट वाइसमान. फ्रायबर्गच्या या प्राध्यापकांनी १८८१ साली साल्झबुर्गला आयुष्याच्या लांबीवर एक व्याख्यान दिलं. त्यांचं म्हणणं असं: झिजलेले, जायबंदी झालेले जुने जीव जातीला निरुपयोगी असतात, उलट धडधाकट तरुणांची जागा अडवतात, म्हणून ठरावीक काळानं मरण्याची सोय निसर्गानंच केली. ऐकायला हे पटकन पटतं. आपल्याकडे पिकल्या पानाला गळावंच लागतं असं म्हणतात, तोच हा विचार. पण बारकाईनं पाहिलं तर यात एक ठळक फट आहे. जुने जीव झिजलेले असतात हे वाइसमान गृहीतच धरतात, आणि ते का झिजतात हाच तर प्रश्न! शिवाय कळपातल्या एखाद्या जिवानं जातीच्या भल्यासाठी मरायचं नाकारलं आणि आणखी चार पिल्लं काढली, तर पुढच्या पिढीत त्याचीच संतती जास्त दिसणार. त्यागी मंडळींचा वंश बुडणार. वाइसमान यांनी पुढे स्वतःच या मांडणीवरचा भर कमी केला, पण ‘जागा रिकामी करण्याची’ ही कल्पना पाठ्यपुस्तकांत आणि गप्पांत मात्र घट्ट चिकटून राहिली. आजही चांगले शिकलेले लोक ती बोलून दाखवतात.

उत्तरासाठी आकडेमोड लागणार होती. ती आली केंब्रिजमधून, आणि तीही क्रिकेटमुळे. १९०८ साली रेजिनल्ड पनेट हे आनुवंशशास्त्रज्ञ एका कोड्यात अडकले होते: प्रभावी गुण असेल तर तो पिढ्यान्‌पिढ्या वाढत जाऊन सगळीकडे का पसरत नाही? पनेट ज्यांच्याबरोबर क्रिकेट खेळत, ते गणिती जी. एच. हार्डी. हार्डींनी चुटकीसरशी दाखवून दिलं की बाहेरून कुणी ढवळलं नाही तर गुणांचं प्रमाण पिढ्यान्‌पिढ्या तसंच राहतं. इतकी साधी गोष्ट आपल्याला सांगावी लागते याचा त्यांना थोडा संकोचच वाटला असावा, असं ‘सायन्स’मधलं ते पत्र वाचून वाटतं. जर्मनीत वाइनबर्ग यांनीही त्याच वर्षी तेच मांडलं. समूहातल्या गुणांचा हिशेब लिहिण्याची वही इथे उघडली. पनेट आणि बेटसन यांनी १९१० साली ‘जर्नल ऑफ जेनेटिक्स’ नावाचं नियतकालिकही काढलं. ते लक्षात असू द्या.

याच हार्डींच्या हातात १९१३ साली रामानुजनांचं पत्र पडलं. १९१४ साली कुंभकोणमच्या टाउन हायस्कुलाचा हा विद्यार्थी, इथल्या सरकारी कॉलेजात इतर विषयांकडे दुर्लक्ष केल्यापायी शिष्यवृत्ती गमावून बसलेला, ट्रिनिटी कॉलेजात पोचला. तिथे त्यांची एका बंगाली विद्यार्थ्याशी गट्टी जमली. प्रशांतचंद्र महालनोबिस. महालनोबिस यांनी सांगितलेली एक आठवण मला हार्डींच्या सगळ्या गौरवापेक्षा जवळची वाटते. थंडीत रात्री झोप लागत नाही, ओव्हरकोट घालून वर शाल घेऊन निजतो, असं रामानुजन म्हणाले. महालनोबिस यांनी खोलीत जाऊन पाहिलं तर पलंगावर ब्लँकेटं होती. पण ती साहेबी पद्धतीनं गादीखाली घट्ट खोचलेली, वरून पलंगपोस. त्यांच्या आत शिरायचं असतं हे कुंभकोणमच्या माणसाला कुणी सांगितलंच नव्हतं. महालनोबिस यांनी ब्लँकेटं उलगडून दाखवली.

रामानुजन १९१९ साली आजारी होऊन परतले. काही महिने कोडुमुडीला, मग कुंभकोणमला, शेवटी मद्रासला. २६ एप्रिल १९२० रोजी गेले, वय ३२. क्षय म्हणून उपचार झाले. पुढे काही डॉक्टरांनी यकृतातल्या अमीबाचं निदान जास्त संभवतं असं मांडलं. काहीही असो, तो मृत्यू म्हातारपणाचा नव्हता. बाहेरून आलेला होता, देवीसारखा, सदगोपनच्या मृत्यूसारखा. घडा जुना होण्याआधीच कुणीतरी फोडला.

हा ‘बाहेरून येणारा मृत्यू’ म्हातारपणाच्या शास्त्रात मध्यभागी कसा आला, ते पाहायला लंडनला जावं लागतं. रोनाल्ड फिशर यांनी १९३० साली एक सूचक गोष्ट नोंदवली होती: कुठल्या वयाच्या माणसाकडून पुढे किती संतती अपेक्षावी याचा आलेख काढला, तर तो मृत्युदराच्या आलेखाच्या जणू उलटा दिसतो. ही संतती-अपेक्षा जिथे सर्वात जास्त, तिथे मरण सर्वात कमी. मग जे. बी. एस. हाल्डेन. हंटिंग्टनच्या रोगात माणसाचा स्वतःच्या हातापायांवरचा ताबा सुटत जातो, बुद्धी ढासळते, आणि एकाच बिघडलेल्या जनुकानं हे घडतं. इतका भयंकर जनुक नैसर्गिक निवडीनं पुसून का टाकला नाही? हाल्डेन यांनी १९४१च्या पुस्तकात सुचवलं की हा रोग बहुधा पस्तिशी-चाळिशीनंतर दिसू लागतो, तोवर माणसाला मुलं झालेली असतात, जनुक पुढे गेलेला असतो. चोर येऊन गेल्यावर निवड दाराला कडी लावते.

पीटर मेडावर हे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात हाल्डेन यांचेच सहकारी. १९५१ साली प्राणिशास्त्राच्या अध्यासनावर आले आणि रिवाजाप्रमाणे उद्घाटनाचं व्याख्यान दिलं. विषय म्हातारपण. पुढे त्यांना नोबेल मिळालं ते शरीर परकी कातडी का नाकारतं आणि कधी स्वीकारतं यावरच्या कामासाठी, पण हे एक व्याख्यान माझ्या मते त्या कामाच्या तोडीचं आहे. त्यांनी श्रोत्यांपुढे काचेच्या परीक्षानळ्या ठेवल्या, कल्पनेतल्या.

आपण कुंभकोणममध्ये आहोत, तर घडे घेऊ. समजा एका कोठारात एक हजार नवे घडे ठेवले. घडा जुना झाला म्हणून ठिसूळ होत नाही. तो आज जितका मजबूत, तितकाच दहा वर्षांनीही. पण माणसं ये-जा करतात, कोपर लागतं, मांजर उडी मारतं, आणि दर महिन्याला असलेल्यांपैकी दहा टक्के घडे फुटतात. वर्षाअखेर त्या हजारांतले उरतील २८२. दोन वर्षांनी ८०. तीन वर्षांनी बावीस-तेवीस. एकही घडा म्हातारा झालेला नाही, तरी जुने घडे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

आता पुढची पायरी. समजा घड्यांना पिल्लं होतात, आणि फुटलेल्यांची जागा शिल्लक घड्यांची पिल्लं घेतात. जुना घडा नव्याइतकीच पिल्लं देतो. तरी कोठारातल्या एकूण पिल्लांत तीन वर्षांच्या घड्यांचा वाटा नगण्य, कारण तेवढे घडेच नाहीत. मग एखाद्या घड्याच्या मातीत असा दोष शिरला की तो तिसऱ्या वर्षी आपोआप तडकावा, तर त्याची किंमत किती? हजारांतल्या बावीस-तेवीस घड्यांची. तोच दोष पहिल्या महिन्यात तडा देणारा असेल तर तो वंश तिथेच संपेल. निवडीची चाळणी तरुण वयाला बारीक असते आणि वय वाढेल तशी तिची भोकं मोठी होत जातात. उशिरा त्रास देणारे दोष त्यातून बिनबोभाट खाली पडतात, पिढ्यान्‌पिढ्या साठत राहतात. तो साठलेला गाळ म्हणजे म्हातारपण.

आपण धरून चालतो की आधी म्हातारपण, मग त्यामुळे मरण. मेडावर यांच्या हिशेबात आधी मरण आहे: सर्पदंशाचं, तापाचं, देवीचं, वाघाचं. ते होतं म्हणून जुने जीव मोजके राहिले, आणि ते मोजके राहिले म्हणून त्यांची काळजी घ्यायला निवडीला कधी सवड झाली नाही.

विल्यम्स यांनी यावर १९५७ साली आणखी एक घाव घातला. तरुण असताना शिकागोत त्यांनी एका नामवंत प्राध्यापकांचं व्याख्यान ऐकलं होतं, त्यात पुन्हा तेच वाइसमानी सूत्र: जातीच्या भल्यासाठी म्हाताऱ्यांनी जागा सोडावी. हेच जीवशास्त्र असेल तर आपण दुसरा धंदा पाहावा, असं त्यांना वाटलं. धंदा बदलला नाही, लेख लिहिला. त्यांचं म्हणणं, उशिरा नडणारे जनुक नुसते दुर्लक्षानं साठत नाहीत, काही तर मुद्दाम निवडले जातात, कारण तेच तरुणपणी फायदा देतात. हाडं लवकर भक्कम करणारा जनुक समजा पुढे रक्तवाहिन्यांतही चुना साठवू लागला. तरुणपणीचा फायदा हजारांना, म्हातारपणीचा तोटा बावीस-तेवीसांना. निवड डोळे मिटून सौदा करते. सावकाराच्या दारात उभा राहिलेला माणूस जसा आजच्या पेरणीकडे पाहतो, तिसऱ्या वर्षीच्या जप्तीकडे पाहत नाही, तसा हा करार.

त्याच १९५७ साली हाल्डेन विमानानं कोलकात्याला आले, कायमचे. त्यांना बोलावणारे होते ब्लँकेटं उलगडून दाखवणारे महालनोबिस, जे एव्हाना बरानगरच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटचे संस्थापक-संचालक होते. हाल्डेन चौसष्टीचे होते. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात जखमी होऊन ते हिंदुस्थानात बरे व्हायला राहिले होते. पुन्हा येईन तर बरोबरीच्या नात्यानं, असं तेव्हाच ठरवलेलं. सुएझवरचा इंग्रजांचा हल्ला हे त्यांनी देश सोडण्याचं जाहीर कारण. दुसरं कारण त्यांनी थट्टेत सांगितलं: साठ वर्षं पायात मोजे घातले, आता पुरे. इथे ते धोतर-कुर्ता घालत, मांसाहार सोडला, पुढे नागरिकत्व घेतलं. येताना पत्नी हेलन स्पर्वे आणि सामानात ‘जर्नल ऑफ जेनेटिक्स’. होय, पनेट यांचंच. दुसऱ्या महायुद्धानंतर ते हाल्डेन यांच्याकडे आलं होतं, आणि आता कोलकात्याहून निघू लागलं. त्यांच्या भोवती तरुण पोरं जमली. त्यांतलेच सुरेश जयकर, आडनावानंच मराठी वाचकाला घरचे वाटावेत असे. त्यांच्यासह हाल्डेन यांनी १९६३ साली बदलत्या परिस्थितीतल्या निवडीवर जो लेख लिहिला, त्याचा उल्लेख अजून होतो.

महालनोबिस आणि हाल्डेन यांचं मात्र फार दिवस पटलं नाही. दोघेही आपापल्या जागी वाघ. १९६१ साली हाल्डेन यांनी राजीनामा दिला, मग बिजू पटनाईकांच्या आमंत्रणावरून भुवनेश्वर. पुढे कॅन्सर निघाला. त्यावर त्यांनी खेळकर विनोदी कविता लिहून छापली, बीबीसीसाठी स्वतःचा मृत्युलेख स्वतःच कॅमेऱ्यासमोर बोलून ठेवला, आणि १ डिसेंबर १९६४ रोजी गेले. देह ठरल्याप्रमाणे काकिनाड्याच्या रंगराय मेडिकल कॉलेजला दिला. म्हातारपणाच्या कोड्याला पहिली किल्ली लावणाऱ्या माणसाचं शरीर आंध्रातल्या विद्यार्थ्यांच्या टेबलावर उपयोगी पडलं.

दोन वर्षांनी, १९६६ साली, विल्यम हॅमिल्टन यांनी मेडावर यांच्या चाळणीला काटेकोर गणित दिलं. तो भाग भराभर ओलांडतो, कारण मला पुण्याच्या माणसापाशी थांबायचं आहे.

कुंभकोणमहून कुठल्याही दिशेला बाहेर पडा, कालव्याच्या बांधावर केळ आणि नारळ शेजारी शेजारी दिसतात. केळीला एकदाच केळफूल येतं. ते लोंबतं, एकेक पाकळी उचलते, खाली फण्या धरतात, घड भरतो. घड उतरवला की त्या खुंटात पुन्हा काही येत नाही. शेतकरी कोयत्यानं तो बुंध्यापासून तोडतो, शेजारचा एक मुनवा राखतो, बाकीचे काढून टाकतो. तोडलेल्या खोडातला पांढरा गाभा बाजारात येतो. त्याची भाजी इथल्या जेवणात, केळीच्याच पानावर. आणि दोन हातांवरचा नारळ? तो त्याच मातीत, त्याच पाण्यावर, साठ-सत्तर वर्षं दरसाल घोस देतो आणि उभाच असतो. एका झाडानं सगळी पुंजी एका घडावर उधळावी आणि दुसऱ्यानं ती जन्मभर पुरवून खर्चावी, असं का?

पुण्यात १९४२ साली जन्मलेले, अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळांचे चिरंजीव माधव गाडगीळ हार्वर्डला गणिती पर्यावरणशास्त्रात पीएच.डी. करत होते, तेव्हा हा प्रश्न त्यांनी विल्यम बॉसर्ट यांच्यासह हाताळला. लेख १९७० साली ‘अमेरिकन नॅचरलिस्ट’मध्ये आला. पश्चिम घाटाच्या अहवालानं गाडगीळ घराघरांत पोचले, पण परदेशातल्या जीवशास्त्रज्ञांना त्यांचं नाव आधी या लेखामुळे माहीत झालं. आपल्याकडे त्याची फारशी चर्चा झालेली मी तरी वाचली नाही. मांडणी अशी: प्रत्येक वयात जिवापुढे एक ठरीव शिधा असतो. त्यातला किती संततीवर घालायचा आणि किती स्वतः टिकण्या-वाढण्यावर? थोडा शिधा घातला तरी थोडी संतती नीट पदरात पडत असेल, आणि अती केलं तर मात्र प्राणाशी गाठ येत असेल, तर नारळाचा मार्ग किफायतीचा. उलट थोड्यानं काहीच साधत नसेल, एकदम ढीगभर केलं तरच फळ मिळत असेल, तर केळीचा मार्ग. मध्ये थांबण्यात अर्थ नाही; सगळं लावा आणि संपा. पुन्हा पुन्हा विणाऱ्या जिवांबद्दलही त्यांनी एक निष्कर्ष काढला, तो मला विशेष वाटतो: वय वाढेल तसा त्यांचा संततीवरचा खर्च वाढत जायला हवा, कारण राखून ठेवण्यासारखं पुढे कमी उरतं.

हार्वर्डहून १९७१ साली परतल्यावर गाडगीळ हाच प्रश्न घेऊन कर्नाटकच्या बांबूंच्या रानात गेले. काटेरी कळक चाळीस-पंचेचाळीस वर्षं नुसता वाढतो, मग रानभर एकदम फुलतो, बी धरतो आणि रानभर वाळून जातो. बांबूच्या दोन भारतीय जातींची जीवनरीत अशी का, यावर नरेंद्र प्रसाद यांच्यासह त्यांनी १९८४ साली लिहिलं. श्रीताडही याच पंथातला: तीस ते ऐंशी वर्षं पानं काढायची, मग शेंड्यावर एकदाच प्रचंड मोहर, आणि शेवट. गंमत अशी की त्याच्या पानांवर लिहिलेल्या पोथ्या झाडापेक्षा कितीतरी जास्त जगतात.

दरम्यान इंग्लंडमध्ये टॉमस कर्कवुड यांना १९७७च्या फेब्रुवारीत, टबात अंघोळ करताना, उत्तराचा उरलेला तुकडा सुचला. त्यांची भाषा अभियंत्याची, पण मी ती कुंभकोणमच्या भाषेत सांगतो. इथल्या देवळांची दर बारा वर्षांनी डागडुजी होते: गोपुरावरच्या मूर्तींचे तुटके हात बसवतात, रंग देतात, मग कुंभाभिषेक. देऊळ कायमचं राहायला हवं, म्हणून हा खर्च. पण लग्नाचा मांडव कुणी दगडी बांधतो का? तो लग्न पार पडेपर्यंत उभा राहिला की झालं. दोन दिवस जास्त टिकावा म्हणून आहेरातले पैसे त्यावर घालणारा यजमान मूर्खच. देवळाचा मान बीजपेशींच्या वंशाला, तो कोट्यवधी वर्षं अखंड चालू आहे. आपलं बाकीचं शरीर, हात-पाय-मेंदूसकट, मांडव आहे. निसर्गाला डागडुजी येत नाही असं नाही, परवडत नाही.

हे सगळं तपासलंही गेलं. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मायकेल रोझ आणि लियो लकिनबिल यांनी वेगवेगळ्या प्रयोगशाळांत फळमाश्यांची पुढची पिढी फक्त म्हाताऱ्या माश्यांच्या अंड्यांतून वाढवली. थोडक्यात, उतारवयाची किंमत वाढवली. काही पिढ्यांत माश्यांचं आयुष्य लांबलं, आणि त्यांची तरुणपणीची अंडी कमी झाली. विल्यम्स यांच्या सौद्याची ही पावतीच. आपल्याकडे बंगळुरूला जवाहरलाल नेहरू सेंटरमध्ये अमिताभ जोशी यांच्या प्रयोगशाळेत माश्यांच्या अशा वंशावळी वर्षानुवर्षं राखल्या गेल्या. ‘जर्नल ऑफ जेनेटिक्स’ हाल्डेन यांच्यामागे काही वर्षं हेलन स्पर्वे यांनी चालवलं, मग बंद पडलं, आणि १९८५ साली इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेसनं ते पुन्हा सुरू केलं. बंगळुरूहूनच.

रामानुजनांच्या पत्नी जानकी अम्मल यांचा जन्म १८९९चा. दहा वर्षांच्या असताना लग्न, एकविसाव्या वर्षी वैधव्य. त्यानंतर काही वर्षं त्या भावाकडे मुंबईत होत्या, तिथे शिवणकाम शिकल्या. मग मद्रासला ट्रिप्लिकेनमध्ये शिवणयंत्रावर पोट भरलं. १९९४च्या एप्रिलात गेल्या. एकाच छपराखाली नांदलेल्या दोघांपैकी एक ३२व्या वर्षी आणि दुसऱ्या पंचाण्णवीत. अशा एका जोडीवरून कुठलाही सिद्धान्त काढता येत नाही, विल्यम्स यांनी काढूही दिला नसता. तरी सारंगपाणी देवळासमोरच्या घरातल्या त्या खोलीत खिडकीपाशी उभं राहिलं की ही दोन वयं मनात शेजारी शेजारी येतातच.

दुसऱ्या दिवशी मी मयिलाडुतुरैवरून तिरुक्कडैयूरला गेलो, समुद्राच्या बाजूला. तिथला देव अमृतघटेश्वर, पुन्हा घडाच. सोळा वर्षांचं आयुष्य घेऊन आलेल्या मार्कंडेयानं पिंडीला मिठी मारली आणि शंकरानं यमाला लाथ घातली ती इथे, असं सांगतात. म्हणून अवघ्या दक्षिणेतून साठी पुरी झालेली, ऐंशी पुरी झालेली जोडपी इथे येऊन पुन्हा लग्न लावतात. प्रांगणात एका वेळी कितीतरी लग्नं चालू होती. ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणे सोळा, बत्तीस, चौसष्ट कलश मांडलेले, गळ्याला दोरा गुंडाळलेले, वर आंब्याचं पान आणि नारळ. होम आटोपला. माझ्यासमोरच्या आजोबांना पाटावर बसवलं, शेजारी आजी, तिच्या केसांत आदल्याच रात्रीचा कलप. मुलगे, सुना, नातवंडं ओळीनं उभी राहिली. भटजींनी पहिला कलश थोरल्या मुलाच्या हातात दिला, त्यानं तो बापाच्या डोक्यावर ओतला, रिकामा मागे सरकवला, आणि पुढच्याकडे हात केला. एक नातू घाईत होता; त्याच्या हातून कलश निसटून दगडी फरशीवर आपटला, घरंगळत खांबापाशी गेला. आजी हसली. तांब्याचा होता, नुसता पोचला.